राहिलात ना, मग आता तक्रार कसली?

एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: आई सत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी बेजार. आईला घेऊन समुद्रकाठी तीन रात्री राहायचं, हा बेत बरीच वर्षं नुसता बोलण्यातच होता. अखेर ताईंनी एका बुकिंग साइटवर हॉटेल निवडलं, 'डिलक्स ट्विन, सी व्ह्यू, बाल्कनी' अशी खोली घेतली आणि पैसे कार्डाने आधीच भरले. निम्मा वाटा भावाने उचलला. रात्री उशिरा पोचल्यावर हातात चावी आली ती मागच्या इमारतीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीची. एकच डबल बेड, बाल्कनी नाही, खिडकीबाहेर जनरेटर आणि भिंत. त्या इमारतीला लिफ्टही नव्हती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आज हीच शिल्लक आहे मॅडम, उद्या सकाळी बघू." सकाळी काउंटरवर दुसराच माणूस होता आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई म्हणाली, "जाऊ दे गं, दोन रात्री तर राहिल्यात." ताईंनी वैतागून खोलीचे फोटो भावाला पाठवले आणि मुक्काम तिथेच पुरा केला. साफसफाईच्या मावशी मात्र रोज संध्याकाळी आईसाठी गरम पाण्याची पिशवी भरून वर आणून देत होत्या.

घरी आल्यावर ताईंनी तक्रारीचा मेल केला. हॉटेलने कळवलं, तुम्ही पूर्ण मुक्काम केलात, चेक-आउटला काही बोलला नाहीत. साइटने कळवलं, हॉटेलची संमती नसेल तर परतावा देता येत नाही. मग हॉटेलमधून फोन आला: पुढच्या वेळी एक रात्र मोफत देतो, फक्त वाईट अभिप्राय टाकू नका. भाऊ म्हणतो, "बुक करतानाच नीट वाचायला नको होतं का?" ताईंचा प्रश्न असा, की मोफत रात्र घेऊन गप्प बसू, की त्या मुलाचं नाव घालून सणसणीत अभिप्राय लिहू? राहिल्यामुळे पैसे मागायचा हक्क गेला का? आणि तेव्हाच का भांडले नाही, हे काही डोक्यातून जात नाही.

ताई,

तुमच्या मूळ पत्रात समुद्रावर चार परिच्छेद आहेत आणि लिफ्टवर एक ओळ, तीही "लिफ्टही नव्हती" अशी, जाता जाता लिहिलेली. मी मात्र त्याच ओळीपाशी अडले. त्याबद्दल पुढे बोलूच, पण तुम्हाला झोपू न देणारा प्रश्न भांडण्याचा आहे, म्हणून आधी तो.

त्या रात्रीचं चित्र तुम्हीच लिहिलंय. हातात बॅगा, आई लॉबीतल्या खुर्चीवर डोळे मिटून बसलेली, गाव अनोळखी, दुसरीकडे जागा मिळेल की नाही ठाऊक नाही आणि पैसे तर आधीच गेलेले. अशा वेळी शंभरातली नव्वद माणसं चावी घेतात. त्याला भित्रेपणा म्हणू नका. समोरच्याकडे खोली होती आणि तुमच्याकडे दमलेली आई होती. पारडं कुणाचं जड होतं हे उघड आहे. शिवाय "मी काहीच बोलले नाही" हे तरी कुठे खरं आहे? रात्री तुम्ही खोली बदलून मागितलीत, सकाळी खाली जाऊन पुन्हा मागितलीत. यालाच तक्रार म्हणतात. आवाज चढला नाही म्हणून ती तक्रार कमी दर्जाची होत नाही. चेक-आउटला काही बोलला नाहीत हे हॉटेलचं म्हणणं खरं असेलही, पण तोपर्यंत तुमचं दोनदा बोलून झालं होतं.

आता "तुम्ही राहिलात ना?" हा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही. तीन रात्री तुम्ही त्यांचं छप्पर, पाणी, पलंग वापरलात, त्यामुळे सगळेच्या सगळे पैसे परत मागितलेत तर तुमची बाजू लंगडी पडेल. पण राहिल्यामुळे जे मिळालं त्याचे पैसे लागू होतात; जे मिळालंच नाही त्याचे होत नाहीत. पदरी पडलं पवित्र झालं, ही म्हण हॉटेलने तुम्हाला ऐकवायची नसते. तेव्हा हक्क गेलेला नाही. तो किती उरलाय एवढाच प्रश्न आहे, आणि तो कागद उघडल्यावरच सुटेल.

कागद म्हणजे बुकिंग पक्कं झाल्याचा मेल. साइटवरचं पान नव्हे, कारण ते पान आज वेगळं दिसत असेल. तो मेल शांतपणे वाचा आणि तुमच्या प्रत्येक तक्रारीला विचारा, हे मला लिहून दिलं होतं, मी मागितलं होतं, की मी फोटोवरून धरून चालले होते? उत्तरं थोडी टोचतील, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पलंगांपासून सुरुवात करा. खोलीच्या वर्गाच्या नावातच 'ट्विन' असेल तर दोन पलंग हे वचन होतं. पण बऱ्याच साइटवर वर्गाचं नाव नुसतं 'डिलक्स' असतं आणि पलंगांचा पर्याय आपण खाली टिचकी मारून निवडतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही विनंती आहे, उपलब्धतेनुसार पुरी केली जाईल. तसं असेल तर डबल बेड मिळाल्याचा राग रास्त आहे, पण त्यावर पैशांचा दावा टिकणार नाही. बाल्कनी मेलमध्ये आहे की फक्त फोटोत? फोटोत असेल तर साइट म्हणेल, फोटो नमुन्यादाखल असतात. सी व्ह्यू लिहिलेलं असेल तर मुद्दा पक्का. समुद्र किती दिसायला हवा यावर हॉटेलवाले वाद घालतात, कारण त्याचं सगळीकडे लागू होणारं मोजमाप नाही. पण जनरेटर आणि भिंत दिसणाऱ्या खिडकीला सी व्ह्यू म्हणायची हिंमत कुणी करणार नाही.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण घेते. खोल्यांचे फोटो बहुतेक वेळा वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सने काढलेले असतात. नेहमीच्या लेन्समधून खोलीची साधारण एक बाजू दिसते. वाइड लेन्स घेऊन कोपऱ्यात उभं राहिलं की जवळजवळ अख्खी खोली फोटोत मावते आणि पलंगापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर आहे त्याहून कितीतरी लांब वाटतं. यात खोटं काही नसतं, म्हणूनच त्यावर तक्रार चालत नाही. खोलीचं क्षेत्रफळ आकड्यात दिलं असेल तर आपल्या घरातली तेवढी खोली आठवावी, फोटो विसरावा. हॉटेलच्या दर्जाच्या ताऱ्यांवरही फार विसंबू नये. जगभर चालेल असा ताऱ्यांचा एकच नियम नाही. युरोपातल्या काही देशांनी २००९ साली एकत्र येऊन समान निकष ठरवले, बाकी ठिकाणी देशागणिक पद्धत वेगळी, आणि काही साइट तर स्वतःच्याच हिशेबाने तारे देतात.

आता लिफ्ट. हॉटेलच्या पानावर सुविधांच्या यादीत लिफ्ट होती का ते बघा. हॉटेल म्हणेल, लिफ्ट आहेच की, मुख्य इमारतीत आहे. यावर तुमचं उत्तर तयार हवं: मी ज्या वर्गाचे पैसे भरले त्या खोल्या मुख्य इमारतीत आहेत, मागच्या इमारतीत राहायचं मी कधीच कबूल केलं नव्हतं. मागची इमारत आहे आणि तिला लिफ्ट नाही, याचा त्या पानावर कुठे उल्लेख आहे का तेही बघा. नसेल तर तीच तुमच्या तक्रारीतली सगळ्यात भक्कम वीट. आणि बुकिंग करताना विनंतीच्या रकान्यात "आईला गुडघ्यांचा त्रास आहे" असं एखादं वाक्य लिहिलं होतं का ते आठवा. लिहिलं असेल तर ते मेलमध्ये छापून आलेलं असेल, आणि मग हॉटेलला "आम्हाला कल्पना नव्हती" म्हणता येणार नाही. न दिसलेला समुद्र ही निराशा आहे. सत्तरीच्या बाईला दिवसातून दोन-तीनदा दोन मजले चढायला लावणं ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. तक्रार लिहाल तेव्हा हे पहिल्या ओळीत यायला हवं, समुद्र दुसऱ्या.

हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये बरीच वर्षं काम केलेल्या एका मैत्रिणीला मी तुमचं पत्र नाव-गाव वगळून वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न होता, "पोचल्या किती वाजता?" ती म्हणाली, हॉटेल खोलीचा नंबर विकत नाही, वर्ग विकतं. कुणाला कुठली खोली हे त्या दिवशी सकाळी, येणाऱ्यांची यादी समोर ठेवून ठरतं. नेहमीचे पाहुणे, जास्त दिवस राहणारे, ज्यांनी काही खास कळवलंय ते, असं करत करत नंबर वाटले जातात. त्यातच दुपारी आधी आलेला एखादा पाहुणा काउंटरवर अडून बसतो आणि चांगली खोली घेऊन जातो. रात्री शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं. त्यात काही लोक बुकिंग करूनही येत नाहीत, हे हॉटेलांना अनुभवाने माहीत असतं, म्हणून गर्दीच्या दिवसांत असतील त्याहून थोड्या जास्त खोल्या विकल्या जातात. एखाद्या दिवशी सगळेच आले की कुणीतरी खालच्या वर्गात ढकललं जातं. आणखी एक कारण तिने सांगितलं जे मला नवीन होतं. साइटवर खोलीचं नाव एक असतं, हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरं. ही नावं एकमेकांशी जोडताना चूक झाली, तर तुम्ही सी व्ह्यू घेता आणि हॉटेलच्या यादीत तुमच्या नावापुढे साधी खोली दिसते. काउंटरवरच्या मुलाच्या डोळ्यांसमोर तीच यादी असते, त्यामुळे तो मनापासून म्हणतो, तुमचं बुकिंग हेच आहे.

हे मी हॉटेलची बाजू घ्यायला सांगत नाहीये. तुमच्या पत्रात "फसवलं" हा शब्द वारंवार येतो आणि तो तपासून बघावा असं मला वाटतं. पहिल्या रात्री जे घडलं ती फसवणूक असेलच असं नाही. ढिसाळपणा किंवा नेहमीचा धंदेवाईक जुगार, यांतलं काहीही असू शकतं. पण सरळ हॉटेल अशा वेळी स्वतःहून सांगतं, की तुम्ही घेतलेली खोली नाही, ही खालच्या वर्गातली आहे, फरक परत करतो, उद्या अकराला बाकीचे पाहुणे गेले की हलवतो. तुम्हाला यातलं कुणी काही सांगितलं नाही. सकाळच्या माणसाला रात्रीचा निरोप नव्हता. आणि शेवटी भरपाई देऊ केली तीही तोंड बंद ठेवायच्या बोलीवर. तेव्हा खोली चुकून गेली असेल, पण नंतरचं वागणं चुकून झालेलं नाही. तुमचा राग त्या नंतरच्या वागण्यावर धरा, तिथे तो योग्य जागी आहे.

मग मागायचं काय? ठरलेली खोली आणि मिळालेली खोली यांच्या भाड्यातला फरक, तिन्ही रात्रींचा. तो काढणं अवघड नाही. त्याच हॉटेलच्या दोन्ही वर्गांचं एकाच तारखेचं भाडं साइटवर बघा, शक्यतो तुम्ही राहिलात तशाच हंगामातलं, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. वरच्या वर्गाचं भाडं शंभर धरलं आणि मागच्या इमारतीतल्या खोलीचं सत्तर निघालं, तर तुम्ही भरलेल्या रकमेतले तीस टक्के हा तुमचा मुद्देसूद दावा झाला. लिफ्टच्या गैरसोयीबद्दल वेगळं काही मागायचं तर मागा, मी मागितलं असतं, पण ते घासाघिशीत सुटेल अशी मनाची तयारी ठेवा. भाड्यातला फरक मात्र सोडू नका. "मनस्ताप झाला, सगळे पैसे द्या" असं लिहिलंत की समोरच्याला नाही म्हणणं फार सोपं जातं.

तुमचा आधीचा मेल तुम्ही पत्रासोबत जोडला होता. तो दोन पानी आहे, आणि त्यात मागणी कुठेच नाही. तो वाचून हॉटेलला तुम्ही दुखावल्या आहात हे कळतं, काय हवंय हे कळत नाही. नवा मेल साधारण असा असावा:

"बुकिंग क्रमांक अमुक. या तारखांना तीन रात्रींसाठी 'डिलक्स ट्विन, सी व्ह्यू, बाल्कनी' या वर्गाचे पूर्ण पैसे मी आगाऊ भरले होते. प्रत्यक्षात मला व माझ्या वयस्कर आईला मागच्या इमारतीत, लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर, एक डबल बेड असलेली, समुद्र न दिसणारी, बाल्कनी नसलेली खोली दिली गेली. पहिल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटरवर खोली बदलून मागितली. ती मिळाली नाही. भरलेलं भाडं आणि मिळालेल्या वर्गाचं भाडं यांतला फरक, रक्कम अमुक, मूळ कार्डावर परत करावा. बुकिंगचा मेल, खोलीचे फोटो आणि दोन्ही वर्गांच्या भाड्याचा स्क्रीनशॉट सोबत आहे. अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावं."

एवढंच. विशेषणं नकोत. हाच मेल हॉटेलला आणि साइटला, दोघांनाही एकाच वेळी पाठवा, म्हणजे टोलवाटोलवी करायला जागा कमी उरते. आणि आता स्वतःकडे फोटो उरले नसतील तर खट्टू होऊ नका. भावाला पाठवलेले आहेत ना, तारीख-वेळेसकट. त्याच्या फोनवरून ते मागवून घ्या.

साइटने "हॉटेलची संमती नाही" म्हणून कानांवर हात ठेवले आहेत, ते मुकाट्याने मान्य करू नका. कार्डाचं स्टेटमेंट काढा आणि पैसे कुणाच्या नावाने कापले गेले ते बघा. काही बुकिंगमध्ये साइट स्वतः पैसे घेते आणि मागाहून हॉटेलला देते. काहींमध्ये पैसे थेट हॉटेल घेतं आणि साइटला कमिशन मिळतं. स्टेटमेंटवर साइटचं नाव असेल तर तुमचे पैसे साइटने घेतले आहेत, आणि "आम्ही फक्त मध्यस्थ" हे उत्तर तेवढ्यावर पुरत नाही. त्यांच्याशी फोनवर बोललात तरी तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि बोलणं झाल्यावर दोन ओळींचा मेल टाका: आज अमुक वाजता बोलणं झालं, तुम्ही असं म्हणालात.

दोन्हीकडून नकार आला तर पैसे कार्डाने भरलेत याचा उपयोग होईल. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींच्या नियमांत, घेतलेली सेवा वर्णनाप्रमाणे नव्हती म्हणून व्यवहारावर हरकत घेण्याची सोय आहे. याला चार्जबॅक म्हणतात. ही हरकत तुम्ही थेट त्यांच्याकडे नाही, कार्ड देणाऱ्या बँकेकडे घ्यायची. मुदत साधारण १२० दिवस असते, पण कधीपासून मोजायची हे प्रकरणागणिक बदलतं आणि बँक स्वतःची मुदत त्याहून कमी ठेवू शकते, म्हणून आधी बँकेला विचारा. बँक पहिल्यांदा बघते ते हे, की तुम्ही विक्रेत्याशी मिटवायचा प्रयत्न केला होता का. वरचा मेल आणि त्याला आलेला नकार हाच त्याचा पुरावा. इथेही फरकाचीच रक्कम मागा. तीन रात्री राहून पूर्ण रकमेवर हरकत घेतलीत तर हॉटेल राहिल्याची नोंद पुढे करेल आणि सगळंच हातचं जाईल. ज्यांनी रोख दिले किंवा खात्यातून थेट पाठवले त्यांना ही वाट नाही. त्यांनी आपल्याकडच्या ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जावं. ती वाट लांबची असते. रक्कम लहान असेल तर तेवढा वेळ आणि डोकं घालवायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. नाही घालवलंत तरी त्याला हार म्हणायचं कारण नाही.

मोफत रात्रीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मला ती घेण्यासारखी वाटत नाही. त्या हॉटेलात आईला घेऊन तुम्ही पुन्हा जाणार आहात का? नसाल तर त्या रात्रीची तुमच्या लेखी किंमत शून्य. जाणार असाल तर आधी लेखी विचारा, कुठला वर्ग, कुठली इमारत, कधीपर्यंत वापरायची, गर्दीच्या दिवसांत चालेल का. फोनवर देऊ केलेल्या गोष्टी कागदावर येताना फार आक्रसतात. आणि गप्प बसायची अट तर लेखी मागाच. बहुधा ती लिहून येणारच नाही, कारण लिहायला लाज वाटावी अशीच ती आहे. अमेरिकेत या असल्या अटींसाठी २०१६ साली कायदाच करावा लागला, की ग्राहकाने प्रामाणिक अभिप्राय देऊ नये असं कलम छापील करारात घालता येणार नाही. उलट बाजूनेही एक सावधगिरी. "पैसे द्या, नाहीतर अभिप्राय टाकते" असं तुम्हीही कुठे लिहू नका, बोलू नका. त्या एका वाक्याने तक्रारीची धमकी होते आणि तोच स्क्रीनशॉट साइटला दाखवून हॉटेल तुमचा अभिप्राय काढायला लावू शकतं. पैशाचा व्यवहार आणि अभिप्राय या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवा.

अभिप्राय जरूर लिहा, पण साइटवर त्याची मुदत किती हे बघून, राग थोडा निवल्यावर. त्या मुलाचं नाव त्यात नको. त्या रात्री त्याच्यासमोर एक यादी आणि एकच उरलेली चावी होती. जास्त खोल्या विकायचं त्याने ठरवलं नव्हतं आणि वरच्या वर्गाची खोली काढून देण्याचे अधिकारही त्याला बहुधा नव्हते. "उद्या बघू" म्हणून त्याने हात झटकले हे खरं. पण नाव छापलंत तर नोकरी त्याची जाईल आणि व्यवस्था आहे तशीच राहील. सणसणीत लिहायचंही कारण नाही. वाचणाऱ्याला तुमच्या रागाचा फार उपयोग नसतो. त्याला हे कळायला हवं, की मागे एक इमारत आहे, तिला लिफ्ट नाही, आणि वरच्या वर्गाचं बुकिंग असूनही तिथे पाठवलं जातं. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन निघालेल्या कुणालातरी ती एक ओळ नेमकी हवी असेल. आणि गरम पाण्याची पिशवी आणून देणाऱ्या मावशींबद्दल लिहा. त्यांचं चांगलं होईलच, शिवाय अभिप्राय खरा वाटेल. नुसत्या शिव्या असलेल्या मजकुरावर आजकाल कुणी फारसा विश्वास ठेवत नाही.

असाच प्रसंग पुढे कधी येईल त्या सगळ्यांसाठी, आणि तुमच्यासाठीही, काउंटरवरच्या दहा मिनिटांबद्दल थोडं. रजिस्ट्रेशन कार्डावर, म्हणजे पोचल्यावर भरायच्या नोंदणीच्या कागदावर, सही करण्याआधी खोली बघायला मागावी. यात कुणाचा अपमान होत नाही, हॉटेलवाल्यांना याची सवय असते. खोली चुकीची असेल तर बॅगा उघडू नयेत, पलंगावर बसू नये, बाथरूम वापरू नये. चार फोटो काढून तसंच खाली यावं. मग समोरच्या मुलाशी वाद न घालता ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगावं. रात्री मॅनेजर नसतो असं सांगितलं तरी निर्णय घेणारं कुणीतरी फोनवर असतंच. मॅनेजरला बुकिंगचा मेल दाखवून सरळ विचारावं: ही खोली कुठल्या वर्गातली आहे? हा प्रश्न फार उपयोगी, कारण त्याला खालच्या वर्गाचं नाव घ्यावंच लागतं, आणि एकदा घेतलं की भाड्यातला फरक आपोआप टेबलावर येतो. खोल्या खरोखरच संपल्या असतील तर जवळच्या, तेवढ्याच दर्जाच्या हॉटेलात त्यांच्या खर्चाने सोय करून द्यायला सांगावं. धंद्यात ही रीत जुनी आहे, फक्त न मागता ती फारशी कुणाला मिळत नाही. तिथूनच साइटच्या मदत क्रमांकावर फोन लावावा. मुक्काम सुरू असताना त्यांना काही करता येतं; घरी पोचल्यावर ते फक्त दिलगिरीचा मेल पाठवतात.

आणि काहीच जमलं नाही, रात्र काढायलाच हवी, तर चावी घ्यावी, पण रजिस्ट्रेशन कार्डावर सहीजवळ एक ओळ लिहावी: बुक केलेला वर्ग मिळाला नाही, आजच्या रात्रीपुरती ही खोली घेत आहे. तेवढ्याचा फोटो काढावा. कार्डावर लिहू देत नसतील तर तीच ओळ तिथल्या तिथे मेल करावी. नंतर कुणी "राहिलात ना" म्हटलं की हा कागद पुढे करता येतो.

प्रवासाआधी एक-दोन दिवस हॉटेलला थेट फोन करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं की हो असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारावं, आमची खोली कुठल्या इमारतीत आहे, लिफ्ट थेट त्या मजल्यापर्यंत जाते का, लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? आम्ही रात्री उशिरा पोचणार आहोत, खोली आमच्या नावाने राखून ठेवल्याची नोंद करता का? सकाळी नंबर वाटणाऱ्याच्या यादीत आपल्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं असणं, हाच या फोनचा सगळा हेतू.

भावाचं "नीट वाचायला नको होतं का" हे तुम्हाला फार लागलेलं दिसतंय. मेल पुन्हा वाचून झाला की त्यालाही वाचायला द्या. पलंगांच्या बाबतीत त्याचं म्हणणं कदाचित बरोबर निघेल. निघालं तर मान्य करून टाका, त्यात काही बिघडत नाही. मागच्या इमारतीबद्दल मात्र पानावर काही नसेलच तर कितीही डोळे फाडून वाचलं असतं तरी ते कळलं नसतं. त्याचे निम्मे पैसे आहेत, तेव्हा परत आलेल्या रकमेतला निम्मा वाटा त्याचा, आणि बँकेकडचा पाठपुरावाही निम्मा त्याच्याच गळ्यात घाला.

राहिली आई. तुमच्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे, "जाऊ दे गं." ते तिने मन मोठं करून म्हटल्यासारखं तुम्ही लिहिलंय, आणि तुम्हाला आपण तिला वाईट खोलीत ठेवलं याची टोचणी लागलीय. मला वाटतं तिला सरळ विचारावं, तिला त्या तीन दिवसांतलं काय आवडलं आणि काय खुपलं. कदाचित तिला भिंतीचं काहीच वाटलं नसेल आणि जिन्याचं खूप वाटलं असेल. कदाचित दोन्ही तिच्या लक्षातही नसेल. तक्रारीचा मेल त्यावर थांबवू नका, तो आज लिहा, मुदत चालू आहे. पण अभिप्राय टाकण्याआधी तिला वाचून दाखवा. तिच्या गुडघ्यांबद्दल चारचौघांत लिहायचं की नाही हे तिने ठरवावं. नको म्हणाली तर "लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली दिली" एवढं वाक्य पुरेसं आहे.